उणे ७८ किलोकॅलरी: स्पाइक प्रथिनाला अडवणाऱ्या पेप्टाइडचा हा आकडा कितपत खरा मानावा?

मुठेकाठची यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात जैवमाहितीशास्त्रात एम.एस्सी. करते आणि सध्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला आपल्या पेशींवरील एसीई२ या ग्राही प्रथिनापर्यंत पोहोचू न देणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, संगणकावर रचणे, असा विषय आहे. एसीई२ आणि स्पाइकचा ग्राहीबंधक भाग, म्हणजे आरबीडी, यांच्या संयुगाची स्फटिकरचना २०२० पासून उपलब्ध आहे. तिच्यातून मी एसीई२ च्या पहिल्या हेलिक्समधली (हेलिक्स म्हणजे मळसूत्रासारखी वळलेली साखळी) २१ ते ४३ क्रमांकाची २३ अमिनो आम्ले वेगळी काढली, आरबीडीला टेकणाऱ्या काही जागी बदल केले, डॉकिंग केले, म्हणजे दोन रेणू एकमेकांवर कसे बसतील हे संगणकाने शोधले, आणि सर्वांत चांगल्या रचनेच्या हालचालींचे १०० नॅनोसेकंदांचे सिम्युलेशन चालवले. अशा सिम्युलेशनवरून बंधनऊर्जेचा अंदाज बांधणाऱ्या एमएम-जीबीएसए पद्धतीने मूळ तुकड्याची बंधनऊर्जा उणे ६१ आणि माझ्या बदललेल्या पेप्टाइडची उणे ७८ किलोकॅलरी प्रति मोल आली (जितकी अधिक उणे, तितके बंधन घट्ट).

मार्गदर्शकांच्या मते शोधनिबंधासाठी एवढे पुरेसे आहे. मात्र असे तुकडे प्रत्यक्षात तयार केल्यावर आरबीडीला जेमतेम चिकटतात, असे मी एकाहून अधिक ठिकाणी वाचले, आणि तेव्हापासून या आकड्याकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे. उणे ७८ चा नेमका अर्थ काय घ्यावा, मुळात लक्ष्य निवडतानाच काही चुकते आहे का, आणि प्रयोगशाळेची सोय नसताना उरलेल्या काळात संगणकावरच काय करता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

समीकरण यांचे उत्तर

प्रथम आकड्याचाच विचार करू. २५ अंश सेल्सिअसला बंधन दहापट घट्ट होण्यासाठी सुमारे १.३६ किलोकॅलरी लागतात. या हिशेबाने उणे ७८ म्हणजे विघटनस्थिरांक (तो जितका लहान, तितके बंधन घट्ट) १० च्या उणे ५७ व्या घाताच्या आसपास. निसर्गातल्या सर्वांत घट्ट बंधनांपैकी एक असलेले बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनचे बंधन जेमतेम उणे १८ च्या घरात आहे आणि खुद्द एसीई२ व स्पाइक यांचे बंधन, २०२० मध्ये मोजलेल्या १५ नॅनोमोलरच्या आकड्यावरून, उणे १०.७ इतके निघते. तेव्हा हा आकडा निरपेक्ष बंधनऊर्जा म्हणून कुठेही लिहू नये. एमएम-जीबीएसएमध्ये एन्ट्रॉपीचा हिशेब बहुधा धरलेलाच नसतो आणि विद्युतभारांचे आकर्षण फुगवून मोजले जाते. एखाद्या जागी आर्जिनिन किंवा ट्रिप्टोफॅन बसवले की आकडा ‘सुधारतो’, तो बऱ्याचदा या पद्धतीच्या स्वभावामुळे. तुमच्या बदलांमध्ये ही दोन अमिनो आम्ले किती वेळा आली आहेत, हे एकदा पाहावे.

उणे ६१ आणि उणे ७८ यांतला फरक तरी खरा असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हणण्यापूर्वी दोन्ही पेप्टाइडांची सिम्युलेशने वेगवेगळ्या आरंभवेगांनी अनेकदा चालवून पाहावीत. त्याच रेणूच्या दोन धावांमध्ये दहा-पंधरा किलोकॅलरींची तफावत पडणे या पद्धतीत नवलाचे नाही. एका धावेवरून काढलेल्या सरासरीपुढे जी त्रुटी छापली जाते, ती त्या एका धावेतल्या चढउतारांची असते, दोन स्वतंत्र धावांमधल्या फरकाची नसते.

माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट तुमच्या गणितात कुठेच आलेली नाही, आणि ती म्हणजे आरबीडीला न चिकटलेले, पाण्यात मोकळे असलेले पेप्टाइड कोणत्या आकारात असते. एसीई२ मध्ये ती हेलिक्स टिकून राहते, कारण तिच्या पाठीशी शेजारच्या हेलिक्सांचा आधार असतो. तो आधार काढून घेतला की तेवीस अमिनो आम्लांची साखळी पाण्यात बहुतांश काळ अस्ताव्यस्त असते. समजा, शंभर रेणूंपैकी एकच कोणत्याही क्षणी हेलिक्सच्या आकारात सापडतो. मग बांधले जाण्यापूर्वी साखळीला त्या आकारात आणण्यासाठीच सुमारे २.७ किलोकॅलरी खर्ची पडतात, म्हणजे पृष्ठभागावरची जुळणी कितीही उत्तम असली तरी बंधन शंभरपट सैल होते. डॉकिंगमध्ये तुम्ही साखळी आधीच हेलिक्स करून दिलीत, त्यामुळे ही किंमत कोणीच मोजली नाही.

दुसरी उणीव रचनेतच आहे. आरबीडीशी जुळणाऱ्या एसीई२ च्या जागांपैकी ३१, ३४, ३५, ३८, ४१ आणि ४२ या पहिल्या हेलिक्सवर आहेत, हे खरे. परंतु ३५३ क्रमांकाचे लायसिन, ज्याला बंधनाचा एक प्रमुख बिंदू मानतात, ते साखळीच्या फार पुढच्या, वेगळ्याच भागात आहे. तुमच्या पेप्टाइडमध्ये ते असूच शकत नाही. तुम्ही जे वाचले आहे ते बहुधा याच तेवीस अमिनो आम्लांच्या तुकड्याबद्दल असावे. २०२० च्या सुरुवातीला त्याचे बंधन नॅनोमोलर, म्हणजे बरेच घट्ट, असल्याचे एका पूर्वप्रकाशनात (समीक्षेपूर्वी जाहीर केलेल्या निबंधात) आले होते. पुढे त्याच गटाने तपासणी वाढवली, तेव्हा एका पुरवठादाराच्या आरबीडीशी त्याहून बरेच सैल, मायक्रोमोलर बंधन दिसले आणि इतर स्रोतांकडून आलेल्या आरबीडीशी बंधन आढळलेच नाही. त्यांनी तसे स्पष्ट लिहिले, ही मला कौतुकाची गोष्ट वाटते.

तेव्हा पुढचे पाऊल सोपे आहे. आरबीडी बाजूला ठेवून एकट्या पेप्टाइडचे सिम्युलेशन करावे, एकदा हेलिक्सपासून आणि एकदा ताणलेल्या साखळीपासून सुरुवात करून. दोन्ही धावा एकाच उत्तराकडे येत नसतील तर वेळ पुरलेला नाही, असे समजून रेप्लिका एक्स्चेंजसारखी, वेगवेगळ्या तापमानांच्या धावा एकत्र चालवणारी पद्धत वापरावी. अगाडिरसारख्या जुन्या, हलक्या साधनानेही हेलिक्सचे प्रमाण काही सेकंदांत अंदाजता येते. त्यानंतर आरबीडीकडे तोंड नसलेल्या जागी, चार-चार स्थानांच्या अंतराने ग्लुटामेट आणि लायसिनच्या जोड्या बसवणे, साखळीच्या सुरुवातीला सेरीन किंवा अ‍ॅस्पार्टेट ठेवणे, दोन्ही टोके अ‍ॅसिटिल व अमाइड गटांनी झाकणे, हे उपाय करून पाहावेत. यांतला एकही बदल डॉकिंगचा गुण वाढवणार नाही. प्रत्यक्ष बंधन मात्र याच बदलांनी सुधारण्याची शक्यता अधिक आहे.

जुना पिपेटवाला यांचे उत्तर

समीकरण यांचे म्हणणे पटले, तरी नुसता तुकडा कधीच चालत नाही, असा समज करून घेऊ नये. विषाणूला पेशीपटलाशी एकजीव होऊ न देणाऱ्या पेप्टाइडांच्या वर्गातले पहिले मान्यताप्राप्त औषध हे विषाणूच्या प्रथिनाचा नुसता तुकडाच आहे. एचआयव्हीवरचे एन्फुव्हर्टाइड ३६ अमिनो आम्लांचे असून ते विषाणूच्याच जीपी४१ या प्रथिनातून घेतलेले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे पेप्टाइड शोधले, तेव्हा जीपी४१ च्या गाभ्याची स्फटिकरचना हाताशी नव्हती. क्रमावरून गुंडाळलेल्या हेलिक्सांचा अंदाज बांधून पेप्टाइडे बनवली गेली. सहा हेलिक्सांची जुडी दाखवणारी रचना १९९७ मध्ये आली आणि हे पेप्टाइड का चालते, याचा खुलासा तेव्हा झाला. अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली मार्च २००३ मध्ये.

हा खुलासा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे. विषाणूचे आवरण पेशीपटलाशी एकजीव व्हायचे असते, तेव्हा जीपी४१ लांबलचक उलगडते आणि तिच्या आतल्या तीन हेलिक्सांचा गाभा काही मिनिटांसाठी उघडा पडतो. पुढे तिच्याच बाहेरच्या तीन हेलिक्सा उलट वळून त्या गाभ्याच्या खाचांत बसतात आणि त्या ओढीने दोन पटले एकत्र येतात. बाहेरच्या हेलिक्सची नक्कल असलेले पेप्टाइड त्या खाचेत आधीच जाऊन बसले, तर विषाणूची स्वतःची हेलिक्स मिटू शकत नाही. ही खाच लांब, खोल आणि जलविरोधी आहे, त्यामुळे पाण्यात अस्ताव्यस्त असलेल्या साखळीलाही तिथे बसताना आकार मिळतो आणि त्याची किंमत वसूल होते. आरबीडीचा पृष्ठभाग तुलनेने सपाट आहे, तिथे ही सवलत नाही.

कोरोनाविषाणूच्या स्पाइकचा एस२ हा भाग नेमक्या याच तत्त्वावर चालतो. फुदान विद्यापीठातल्या गटाने मानवी कोरोनाविषाणू ओसी४३ च्या अशाच हेलिक्समध्ये बदल करून ईके१ हे पेप्टाइड केले आणि ते अनेक कोरोनाविषाणूंवर चालत असल्याचे २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, दाखवले. २०२० मध्ये त्याला कोलेस्टेरॉल जोडून ईके१सी४ केले, तेव्हा पेशींचे एकत्रीकरण रोखण्याची ताकद सुमारे २४१ पटींनी वाढली. कोलेस्टेरॉलमुळे पेप्टाइड पेशीपटलावर नांगरले जाते आणि जिथे घटना घडते तिथेच त्याची सांद्रता वाढते. तुमच्या डॉकिंगला ही बाब दिसणारच नाही, कारण तिथे पटलच नाही. याच प्रकारचे कोलेस्टेरॉल जोडलेले दुसरे पेप्टाइड नाकावाटे दिल्यावर, संसर्ग झालेल्या फेरेटसोबत (मुंगसासारखा दिसणारा प्राणी) एकाच पिंजऱ्यात चोवीस तास ठेवलेल्या फेरेटांना लागण झाली नाही, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

एस२ चा हा भाग प्रकाराप्रकारांत कमी बदलतो, हा मोठा फायदा आहे. अजिबात बदलत नाही असे मात्र नाही. ओमिक्रॉनच्या पहिल्या प्रकारात त्या गाभ्यात तीन बदल होते. एन्फुव्हर्टाइडच्या बाबतीत तर जीपी४१ च्या ३६ ते ४५ या दहा स्थानांमधल्या बदलांनी प्रतिकार निर्माण होतो, हे रुग्णांमध्ये दिसलेले आहे. आणि एक व्यावहारिक बाजू: ९० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिवसातून दोनदा त्वचेखाली घ्यावे लागे, जवळजवळ प्रत्येक रुग्णाला टोचल्या जागी गाठ किंवा लाली येई, आणि उत्पादनाला शंभराहून अधिक रासायनिक टप्पे लागत. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या आल्यावर रुग्ण या औषधापासून दूर गेले. चीनमध्ये २०१८ साली मान्यता मिळालेले अल्बुव्हर्टाइड रक्तातल्या अल्ब्युमिनला जोडून राहते, म्हणून ते आठवड्यातून एकदा पुरते. रचना करतानाच असा जोड कोणत्या टोकाला देता येईल, हे टोक बंधनात गुंतलेले तर नाही ना, याचा विचार करून ठेवावा.

रेणुवेध यांचे उत्तर

वरच्या उत्तरातून ‘आरबीडी हे लक्ष्यच वाईट’ असा सूर निघतो आहे, त्याला माझी हरकत आहे. मुठेकाठची यांनी हाती घेतलेला नेमका प्रश्न सिएटलमध्ये डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये दोन मार्गांनी सोडवला होता आणि दोन्हींचे निकाल शेजारी-शेजारी छापलेले आहेत. पहिल्या मार्गात त्यांनी एसीई२ ची हीच हेलिक्स घेतली, पण ती मोकळी न सोडता तिला आधार देणाऱ्या हेलिक्सा नव्याने रचून एक छोटे प्रथिन तयार केले. दुसऱ्या मार्गात एसीई२ विसरून आरबीडीच्या पृष्ठभागावर कोणत्या अमिनो आम्लाची कोणती बाजू नेमकी कुठे बसेल, याचा नकाशा काढला आणि त्यावरून हजारो छोटी प्रथिने आपोआप रचली. उत्क्रांतीनंतर पहिल्या मार्गातून निघालेल्या उत्तम रचना विषाणूला १५ ते ३५ नॅनोमोलर सांद्रतेला निम्म्यावर आणत होत्या. दुसऱ्या मार्गातून निघालेले, अवघ्या ५६ अमिनो आम्लांचे एलसीबी१ हेच काम सुमारे २४ पिकोमोलरला (पिकोमोलर म्हणजे नॅनोमोलरचा हजारावा भाग) करत होते. निसर्गाची हेलिक्स उचलणे ही सोयीची सुरुवात आहे, सर्वोत्तम सुरुवात असेलच असे नाही.

‘उत्क्रांतीनंतर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. संगणकातून निघालेल्या हजारो रचना यीस्टच्या पृष्ठभागावर मांडून चाळल्या गेल्या, आणि जे टिकले त्यांच्या प्रत्येक स्थानी सर्व अमिनो आम्ले बसवून पाहिली गेली. २०११ मध्ये इन्फ्लुएन्झा विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणारी प्रथिने याच गटाने रचली, तेव्हा शंभराच्या आतल्या रचनांपैकी दोनच चिकटल्या होत्या, त्याही सुरुवातीला दुबळ्या. २०२२ मध्ये बारा लक्ष्यांवर केलेल्या कामातही यशाचे प्रमाण बहुतांशी एक टक्क्याच्या आत होते. हा अनुभव गाठीशी असलेल्यांची जर ही स्थिती, तर एकाच पेप्टाइडच्या एकाच आकड्यावर निष्कर्ष बांधणे कसे धाडसाचे आहे, हे लक्षात येईल. २०२३ मध्ये आलेल्या आरएफडिफ्यूजन या प्रथिने रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने चित्र बरेच बदलले. त्यात पाच लक्ष्यांसाठी प्रत्येकी ९५ रचना तपासून एकंदर १९ टक्के यश नोंदवले गेले. बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल मिळाले, ते प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठीच.

ओमिक्रॉनने एलसीबी१ निष्प्रभ केले, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त ठरेल. त्यावरचे एक उत्तर त्याच वर्तुळातून आले: स्पाइक तीन पायांचे असते, म्हणून तीन छोटी प्रथिने अशा अंतराने जोडायची की तिन्ही आरबीडी एकाच वेळी धरल्या जातील. एखाद्या जागचे बंधन म्युटेशनमुळे सैल झाले तरी उरलेली दोन धरून ठेवतात. मूळ एलसीबी१ चा एक डोस संसर्गाच्या पाच दिवस आधी नाकावाटे दिल्यावरही उंदरांना संरक्षण मिळाले होते, हेही नोंदवायला हवे.

याहून जवळचे उदाहरण बंगळुरूचे आहे. भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने दोन हेलिक्सांच्या केसपिनेसारख्या आकाराचे छोटे प्रथिन रचले आणि त्याच्या जोडीने दोन स्पाइक एकमेकांना समोरासमोर बांधून निकामी होतात, हे क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. प्रयोग हॅम्स्टरांपर्यंत गेले आणि निबंध २०२२ मध्ये आला. एक हेलिक्स पुरत नसेल तर तीन लागतातच असे नाही, दोनही पुरतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. तुमच्या पेप्टाइडला शेजारी एक हेलिक्स आणि एक डायसल्फाइड बंध दिला, तर प्रकल्पाचा विषय न बदलता त्याचा दर्जा बदलेल.

जुना पिपेटवाला

लक्ष्य वाईट आहे, असे मी म्हटलेले नाही. सुट्या हेलिक्ससाठी ते कठीण आहे, असे म्हटले, आणि तुमच्या उत्तरातली प्रत्येक यशस्वी रचना एकापेक्षा अधिक हेलिक्सांची आहे. मात्र म्युटेशनबद्दल बोलतच आहोत तर तिसरी वाटही सांगून ठेवतो. विषाणूला न पकडता पेशीवरचे ग्राही प्रथिनच झाकायचे. हिपॅटायटिस डी वरचे बुलेव्हर्टाइड हेच करते. हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणातील ४७ अमिनो आम्लांचा तुकडा, टोकाला मायरिस्टिक आम्ल, आणि लक्ष्य यकृतपेशीवरचे पित्तक्षारांची वाहतूक करणारे एनटीसीपी हे प्रथिन. युरोपात त्याला २०२० मध्ये सशर्त आणि २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. मोबदल्यात रक्तातले पित्तक्षार वाढतात, कारण त्या प्रथिनाचे मूळ काम अडते. एसीई२ च्या बाबतीत ही वाट घ्यायची तर त्याचे रक्तदाबाच्या नियमनातले काम अडणार नाही, याची खात्री आधी करावी लागेल.

मुठेकाठची

सर्वांचे मनापासून आभार. एकट्या पेप्टाइडचे सिम्युलेशन मी सुरू केले असून हेलिक्सची सुरुवातीची दोन-तीन वळणे लवकरच सुटताना दिसत आहेत, त्यामुळे समीकरण यांचा मुद्दा डोळ्यांनी पटला. रेणुवेध यांना एक विचारायचे आहे. अल्फाफोल्ड ही प्रणाली वापरून प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या कोलॅबफोल्डमध्ये आरबीडी आणि माझे पेप्टाइड दिले असता ते एसीई२ च्याच जागी, अगदी अचूक बसलेले दाखवले जाते आणि विश्वासाचे गुणही चांगले आहेत. हा स्वतंत्र पुरावा म्हणून धरता येईल का?

रेणुवेध

सावध राहावे. अल्फाफोल्डच्या संयुगांसाठीच्या नव्या आवृत्त्यांच्या प्रशिक्षणात २०२० नंतरच्या रचनाही आहेत आणि एसीई२ व आरबीडीच्या संयुगाच्या रचना त्यात विपुल आहेत. तुमचे पेप्टाइड एसीई२ च्या क्रमाशी इतके मिळतेजुळते आहे की प्रणाली त्याला आठवणीतल्या जागी बसवत असण्याची दाट शक्यता आहे. हे तपासायला सोपे आहे. ३१, ३५ आणि ३८ या जागी उलट विद्युतभाराची अमिनो आम्ले बसवून बंधन मुद्दाम बिघडवलेले एक पेप्टाइड, आणि तीच तेवीस अमिनो आम्ले क्रम विस्कटून केलेली काही पेप्टाइडे, त्याच साधनाला द्यावीत. बिघडवलेलेही तितक्याच विश्वासाने त्याच जागी बसले, तर त्या गुणांना तुमच्या प्रश्नापुरता अर्थ नाही. एकेका म्युटेशनचा परिणाम ओळखण्यात ही प्रणाली कच्ची आहे, हे सर्वश्रुत आहे. ज्या रचना पूर्णपणे नव्या आहेत, ज्यांचा क्रम निसर्गात कुठेच नाही, त्यांच्यासाठी मात्र दोन साखळ्यांमधल्या अपेक्षित त्रुटीचा गुण दहाच्या खाली असणे ही चाळणी खरोखर उपयोगी ठरली आहे.

समीकरण

यात एवढीच भर घालतो की हीच विस्कटलेली आणि बिघडवलेली पेप्टाइडे एमएम-जीबीएसएमधूनही काढावीत आणि सोबत एलसीबी१ चीही गणना करावी, कारण त्याची आरबीडीसोबतची रचना उपलब्ध आहे आणि बंधनाचा मोजलेला आकडाही. तुमची पद्धत एलसीबी१ ला वर आणि विस्कटलेल्यांना खाली लावत असेल, तर उणे ७८ ला त्या क्रमवारीत एक जागा मिळेल. तसे झाले नाही, तर तोच तुमच्या निबंधाचा निष्कर्ष म्हणून लिहावा. मार्गदर्शकांना हे सांगताना ‘पेप्टाइड चुकले’ असे न म्हणता ‘तुलनेसाठी नियंत्रण-संच जोडत आहे’ असे म्हणावे, त्याला सहसा कोणी नकार देत नाही.

जुना पिपेटवाला

आणि पुढेमागे कोणी हे पेप्टाइड तयार करून छद्मविषाणूवर (स्पाइक बसवलेल्या निरुपद्रवी विषाणूवर) तपासणार असेल, तर त्यांना व्हीएसव्ही या वेगळ्याच विषाणूचे ग्लायकोप्रथिन असलेला छद्मविषाणू शेजारी ठेवायला सांगावे. पेप्टाइडने स्पाइकवाल्या विषाणूला अडवले आणि यालाही तितकेच अडवले, तर ते स्पाइकला चिकटत नसून पेशींना किंवा पटलाला इजा करत असण्याची शक्यता अधिक, विशेषतः कोलेस्टेरॉल जोडलेले असेल तेव्हा. त्याच सांद्रतेला तांबड्या रक्तपेशी फुटतात का, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्यावे.